नांगराच्या विद्येला पैसा कोणी पुरवला?

2017 च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या स्टोर्ड बेटाजवळच्या खोल पाण्यातून पाच पवनचक्क्या उभ्याच्या उभ्या ओढून स्कॉटलंडकडे नेण्यात आल्या. बुडापासून पात्याच्या टोकापर्यंत प्रत्येकीची उंची 253 मीटर, आणि त्यातला सुमारे 78 मीटरचा भाग पाण्याखाली. उत्तर समुद्र ओलांडून त्या पीटरहेड गावाच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर पोहोचल्या. 18 ऑक्टोबरला 30 मेगावॉटच्या या ‘हायविंड स्कॉटलंड’ केंद्राचे उद्घाटन झाले. जगातले हे पहिले तरंगते पवनविद्युत केंद्र. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत निळ्या पाण्यावरची पांढरी पाती झळकली. त्या पात्यांना जागेवर धरून ठेवणारे पंधरा नांगर मात्र शंभर मीटर खाली, तळाच्या मातीत गाडलेले होते. ते कोणत्याच छायाचित्रात आले नाहीत.

प्रत्येक पवनचक्कीला तीन नांगर. एकेक नांगर म्हणजे सुमारे 5 मीटर व्यासाचा आणि 16 मीटर उंचीचा पोलादी डबा, बूड वर आणि तोंड खाली. त्याच्या पोटातल्या मातीत आणि भोवतालच्या गाळात जी पकड आहे, तिच्या भरवशावर पंचवीसेक वर्षे ही यंत्रे वादळांत उभी राहायची आहेत. ती पकड किती, ती कधी सुटते, शेकडो वेळा ओढ बसल्यावर माती मऊ पडते की घट्ट होते, हे सगळे कोणीतरी आधी शोधून ठेवलेले होते. यातले पुष्कळसे काम पंचविशी-तिशीतल्या संशोधकांच्या प्रबंधांत आहे. आणि त्या प्रबंधांना पैसा कोणी दिला, तो कधी मिळाला आणि कधी आटला, याच्याशी नांगराच्या विद्येचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास घट्ट बांधलेला आहे.

त्याआधी हजारो वर्षे ही विद्या हातात होती, कागदावर नव्हती. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाच्या परिसरात दगडी नांगर सापडले आहेत. लांबट, वरच्या टोकाकडे निमुळते होत जाणारे हे नांगर मध्ययुगात अरबी समुद्रातल्या जहाजांवर असत. पुरातत्त्वज्ञ त्यांना ‘इंडो-अरेबियन’ प्रकारचे म्हणतात. वर दोरखंड ओवण्यासाठी एक गोल भोक आणि खाली लाकडी दांडे घालण्यासाठी दोन चौकोनी भोके, तीही एकमेकांशी काटकोनात. नांगर कसाही पडला तरी एक दांडा तळात रुतावा, अशी ती योजना. दगडाच्या वजनाइतकेच रुतण्यालाही महत्त्व आहे, हे त्या घडवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पण किती रुतला म्हणजे किती धरेल, याचा हिशेब अनुभवी तांडेलाच्या डोक्यात असे आणि त्याच्याबरोबरच जाई.

लोखंड आले, मग साखळी आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश जहाजांवर तागाच्या जाड दोरखंडांची जागा लोखंडी साखळ्या घेऊ लागल्या. साखळीची एक कडी कच्ची निघाली की जहाज खडकावर, आणि अशी जहाजे इतकी बुडाली की 1864 मध्ये ब्रिटिश संसदेने साखळ्या आणि नांगर विकण्यापूर्वी त्यांची ताण देऊन परीक्षा करण्याचा कायदा केला. इंग्लंडच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर असलेल्या डडली आणि क्रॅडली हीथच्या परिसरात हा धंदा वाढला. नेदर्टनच्या नोआ हिंगले कारखान्याने 1911 मध्ये ‘टायटॅनिक’चा मधला, जवळजवळ 16 टनांचा नांगर घडवला, तेव्हा तो डडलीच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेण्यासाठी वीस घोडे जुंपावे लागले. त्याच्या एकच वर्ष आधी, शेजारच्या क्रॅडली हीथमध्ये घराच्या परसातल्या भट्ट्यांवर बारीक साखळ्या घडवणाऱ्या स्त्रियांनी मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली संप करून तासाला अडीच पेन्सची किमान मजुरी पदरात पाडून घेतली होती. पोलादाची कडी किती ताण सोसते हे या गावांना माहीत होते. तळाची माती किती ताण सोसते, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नव्हता.

तो प्रश्न विचारणारा माणूस निघाला केंब्रिजचा एक भौतिकशास्त्रज्ञ. जेफ्री इंग्रम टेलर हे द्रव आणि वायूंच्या हालचालींवरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. त्यांना शिडाच्या बोटीचे वेडही तितकेच होते. ‘फ्रॉलिक’ नावाच्या आपल्या बोटीतून त्यांनी 1927 मध्ये थेट नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत मजल मारली. जुन्या पद्धतीचा नांगर वजनाच्या मानाने फार कमी धरतो, ही गोष्ट त्यांना खटकत होती. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे दिवस होते, आणि विमानात जड नांगर वाहून नेणे परवडणारे नव्हते. टेलर यांनी 1933 मध्ये नव्या आकाराचा नांगर शोधून काढला. शेतातल्या नांगराचा फाळ दोन्ही बाजूंनी जोडावा तशी त्याची घडण होती, आणि तो जितका ओढला जाई तितका खोल रुते. ‘सी.क्यू.आर.’ नावाचा हा नांगर आजही छोट्या बोटींवर दिसतो. पुढच्या वर्षी त्यांनी नांगराच्या पकडीवर शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध केला.

प्रवाहाच्या गणितात बुडालेल्या प्राध्यापकाला नांगराच्या मागे लागण्याची मोकळीक कशी मिळाली? जहाजबांधणीच्या धंद्यात श्रीमंत झालेले सर आल्फ्रेड यारो यांनी 1923 मध्ये रॉयल सोसायटीला एक लाख पौंड दिले होते. त्या पैशातून संशोधन-प्राध्यापकाचे एक पद निर्माण झाले आणि ते टेलर यांना मिळाले. वर्ग घेण्याची सक्ती नाही, वर्षअखेरीस अमुक निष्कर्ष हवेत अशी अट नाही. 1952 पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ते या पदावर होते. जहाजांच्या धंद्यातून आलेला पैसा कोणताही हुकूम न सोडता दिला गेला आणि त्यातूनच नांगराचे शास्त्र उभे राहिले.

टेलर तरुण असताना केंब्रिजमध्ये पीएच.डी. ही पदवीच नव्हती. संशोधनाची पदवी घ्यायची तर इंग्रज विद्यार्थी जर्मनीत जात. पहिल्या महायुद्धाने ती वाट बंद केली, आणि जर्मन रसायने व काचसामान मिळेनासे झाल्यावर संशोधनात आपण किती मागे आहोत हे ब्रिटनला कळून चुकले. 1916 मध्ये सरकारने शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाचे स्वतंत्र खाते काढले. हे खाते तरुण संशोधकांना थेट विद्यावृत्ती देऊ लागले. 1917 मध्ये ऑक्सफर्डने डॉक्टरेट सुरू केली, आणि पाठोपाठ इतर विद्यापीठांनीही. सरकार पैसे देते, विद्यापीठ मार्गदर्शक देते आणि एक तरुण माणूस तीन-चार वर्षे एकाच प्रश्नाला चिकटून राहतो, ही घडी तेव्हा बसली. समुद्राच्या तळाच्या मातीचे बहुतेक ज्ञान पुढे याच घडीतून आले.

नॉर्वेने त्यासाठी पैशाची वेगळीच वाट शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याचा सरकारी खेळ सुरू झाला, आणि त्यातला नफा क्रीडा आणि शास्त्रीय संशोधन या दोन गोष्टींवर खर्च करायचा असे ठरले. या निधीवर पोसलेल्या संशोधन परिषदेने 1953 मध्ये ओस्लोत ‘नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. पहिले संचालक लाउरिट्स ब्येरुम. त्यांचे डॉक्टरेटचे काम मातीच्या कातर-ताकदीवरचे. तेव्हा देशाला चिंता होती दरडींची आणि खचणाऱ्या घरांची. समुद्रात तेल आहे याची कोणाला कल्पनाही नव्हती. 1969 मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्र सापडले आणि तेलकंपन्या तळाच्या मातीविषयी विचारू लागल्या, तेव्हा उत्तरे देणारी माणसे ओस्लोत तयार होती. ड्रामेन गावच्या चिकणमातीचे नमुने घेऊन त्यांच्यावर पुन्हापुन्हा ताण देण्याचे प्रयोग संस्थेने 1970 च्या दशकात सुरू केले. लाटेचा दाब येतो, सरतो, पुन्हा येतो. हजार वेळा असे झाल्यावर मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि माती सैल पडते. हे सैल पडणे आकड्यांत बसवणे हेच त्या प्रयोगांचे काम होते. आजही तरंगत्या पवनचक्कीचा नांगर आखताना अभियंते त्या आलेखांकडे वळतात.

समुद्रात चुकीला क्षमा नसते, हे 27 मार्च 1980 च्या संध्याकाळी कळले. एकोफिस्क क्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी वापरली जाणारी ‘अलेक्झांडर कीलंड’ ही तरंगती रचना वादळात उलटली. एका आडव्या पोलादी तुळईला बसवलेल्या उपकरणाच्या वेल्डिंगपाशी भेग पडली होती, ती वाढत जाऊन तुळई तुटली, पाठोपाठ एक पायच निखळला. रचना कलंडली आणि नांगरांच्या सहापैकी पाच दोऱ्या तुटल्या. 212 माणसांपैकी 123 जणांचा जीव गेला. थकव्याने पोलाद कसे भेगाळते, तरंगती रचना दोरीवर कशी हेलकावते, यावरच्या संशोधनाकडे त्यानंतर कोणी चैन म्हणून पाहिले नाही.

त्याच सुमारास डॅनिश उत्तर समुद्रातल्या गॉर्म तेलक्षेत्रात नव्या जातीचे नांगर बसवले जात होते. टँकरमध्ये तेल भरण्याच्या तरंगत्या बोयासाठी बारा पोलादी डबे तळात उतरवले गेले. रीत ऐकायला सोपी आहे. तोंड खाली करून डबा तळावर ठेवायचा. स्वतःच्या वजनाने तो थोडा रुततो आणि त्याच्या कडा गाळात बसल्या की आत पाणी कोंडले जाते. मग वरच्या झाकणातल्या पंपाने ते पाणी बाहेर खेचायचे. आतला दाब घटतो, बाहेरचा समुद्र वरून दाबतो आणि डबा गाळात खाली खाली जातो. हातोड्याचे घाव नाहीत, ड्रिलिंग नाही. वाळूत तर आणखी एक गंमत होते: बाहेरचे पाणी वाळूतून झिरपत आत येते, कडेखालची वाळू त्यामुळे सैल पडते आणि डब्याला वाट मिळते. पण पंप जास्त ओढला तर आतली वाळूच वर उसळते आणि सगळा डाव फसतो. किती ओढायचे, कुठे थांबायचे, याचे सूत्र सापडायला आणखी वीस वर्षे आणि कितीतरी प्रबंध लागले.

1984 मध्ये ब्रिटनच्या हटन क्षेत्रात ताणलेल्या पोलादी दांड्यांनी तळाशी जखडलेला पहिला तरंगता फलाट उभा राहिला. 1994 मध्ये नॉर्वेच्या ‘ड्राउप्नर-ई’ फलाटाचा पाया प्रथमच असे उलटे डबे बसवून केला गेला. नवा प्रयोग म्हणून तिथे मापनाची यंत्रे भरपूर लावली होती. 1 जानेवारी 1995 रोजी त्यातल्याच एका लेझर उपकरणाने 25.6 मीटर उंचीची राक्षसी लाट नोंदवली. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाटांच्या गोष्टी सांगत आणि शास्त्रज्ञ ज्यांवर शंका घेत, ती लाट अशी कागदावर उतरली.

माती सगळीकडे सारखी नसते, हा धडा ऑस्ट्रेलियाने मोठी किंमत मोजून घेतला. वायव्य किनाऱ्यासमोर नॉर्थ रँकिन फलाटाचे खांब 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ठोकायला घेतले, तेव्हा काही खांब घावांची वाट न पाहता स्वतःच्या वजनानेच खाली घसरले. तळाची वाळू शंख-शिंपले आणि प्रवाळांच्या चुन्याची होती. तिचे कण पोकळ आणि ठिसूळ. खांब शेजारून गेला की ते चिरडतात आणि खांबाला घट्ट धरणारी मातीची मिठीच सुटते. दुरुस्तीवर अफाट खर्च झाला.

या ठिसूळ वाळूचा एक धागा भारतापर्यंत येतो. अरबी समुद्रात मुंबई हायच्या परिसरातही असेच चुनामिश्रित थर आहेत. दिल्ली आयआयटीचे मनोज दत्ता, गुल्हाटी आणि राव यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या चुनखडी वाळूचे कण ताणाखाली कसे चिरडतात, यावरचा निबंध 1979 मध्ये ह्यूस्टनच्या समुद्री तंत्रज्ञान परिषदेत मांडला. नॉर्थ रँकिनचे खांब घसरण्याच्या आधीचे हे काम. दत्ता यांचे ते डॉक्टरेटच्या काळातले संशोधन. चुनखडी वाळूवरच्या जागतिक संशोधनात त्याचा उल्लेख आजही होतो.

ऑस्ट्रेलियाने मात्र त्या फजितीचा पाठपुरावा केला. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात 1989 मध्ये मातीच्या प्रयोगांसाठी सेंट्रिफ्यूज आले. 1997 मध्ये तिथल्या सरकारी संशोधन परिषदेच्या विशेष अनुदानावर मार्क रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली समुद्री पायांचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. या केंद्रातून नांगरांवर डॉक्टरेट करून बाहेर पडलेली माणसे आज जगभरच्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत आहेत.

सेंट्रिफ्यूजमध्ये नेमके काय चालते ते पाहण्यासारखे आहे. पाच मीटर व्यासाचा नांगर प्रयोगशाळेत मावत नाही, म्हणून पाच सेंटिमीटरचा करायचा. पण छोट्या नमुन्यात मातीचे वजनही छोटे, त्यामुळे ती खऱ्या तळासारखी वागत नाही. तेव्हा मातीने भरलेली पेटी एका लांब दांड्याच्या टोकाला बांधून गरगर फिरवायची, इतकी की तिच्यावर पृथ्वीच्या शंभरपट ओढ येते. मग पेटीतली वीस सेंटिमीटर माती वीस मीटरच्या थरासारखी वागते. काळही आटतो. मातीतून पाणी निघून जायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाने घटतो, म्हणजे शंभरपट लहान नमुन्यात दहा हजारपट कमी. प्रयोगशाळेतला एक तास समुद्राच्या तळावरच्या जवळजवळ चौदा महिन्यांइतका. संशोधक विद्यार्थी चिकणमाती कालवतो, आठवडाभर ती बसू देतो, मग यंत्र फिरवून छोट्या नांगराला हजारो वेळा ओढ देतो. नमुन्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. एका प्रबंधात अशा दहा-वीस प्रयोगांचे आकडे असतात आणि त्यामागे तीन-चार वर्षे गेलेली असतात. एवढा वेळ कोणतीही कंपनी आपल्या पगारी अभियंत्याला देत नाही.

साखळीच्या बाबतीतही असेच घडले. ब्राझीलच्या समुद्रात तेल हजार-दीड हजार मीटर खोल पाण्यात सापडू लागले, तेव्हा पोलादी साखळी स्वतःच्याच वजनाने फलाटाला खाली ओढू लागली. ब्राझीलचे अभियंते सेझार देल वेकिओ यांनी इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात 1992 मध्ये खोल समुद्रासाठी हलक्या वजनाच्या दोरांवर प्रबंध लिहिला. पॉलिएस्टरचा दोर ताणला की किती वाढतो, ओला राहून किती टिकतो, वर्षानुवर्षे ताणाखाली कसा वागतो, हे त्यात मोजले होते. त्याच दशकात ब्राझीलच्या पेट्रोब्रास तेलकंपनीने कॅम्पोस खोऱ्यात पॉलिएस्टर दोरांवर फलाट बांधायला सुरुवात केली, आणि जगाच्या खोल समुद्रातली बांधणी बदलली. आज तरंगत्या पवनचक्क्यांसाठी नायलॉनच्या दोरांवर जे प्रयोग चालू आहेत, त्यांची परंपरा इथून निघते.

तरंगत्या पवनचक्कीची कल्पना मात्र तेलाच्या जगातून आली नाही. अमेरिकेच्या नौदलात जहाजबांधणीचे काम केलेले कॅप्टन विल्यम हेरोनेमस 1967 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट आवारात प्राध्यापक झाले. 1972 मध्ये त्यांनी एक आराखडा मांडला: न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे तरंगत्या मनोऱ्यांवर पवनचक्क्यांचे ताफे उभारायचे, त्या विजेने समुद्राच्या पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि तो किनाऱ्यावर आणायचा. लोकांना ते स्वप्नरंजन वाटले. पुढच्याच वर्षी तेलाचा भाव भडकला आणि अमेरिकन सरकार पवनऊर्जेवर पैसा खर्च करू लागले. हेरोनेमस यांच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठात 25 किलोवॉटची पवनचक्की उभारली. त्यांच्यापैकी काहीजण पुढे ‘यूएस विंडपॉवर’ कंपनीत गेले, आणि या कंपनीने 1980 च्या डिसेंबरात न्यू हॅम्पशायरमधल्या क्रॉचेड डोंगरावर वीस पवनचक्क्यांचे, जगातले पहिले पवनविद्युत केंद्र चालू केले.

मग सरकार बदलले, संशोधनाच्या निधीला कात्री लागली आणि 1986 मध्ये तेलाचा भाव कोसळला. तरंगत्या मनोऱ्यांची गोष्ट अमेरिकेत पंधरा-वीस वर्षे कागदावरच राहिली. हेरोनेमस 2002 मध्ये वारले. नांगर, दोर आणि चिखल यांचे ज्ञान या काळात तेलाच्या पैशावर नॉर्वेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये वाढत गेले. ते नेमके कुठे वाढले याचे कारण बुद्धी नाही. ज्या ठिकाणी डॉक्टरेटला पैसा अखंड मिळत राहिला, तिथे शिकणारे टिकले आणि पुढे तेच शिकवणारे झाले.

ऑक्सफर्डमध्ये गाय हौल्स्बी यांच्या गटातले बायरन बर्न यांचा 2000 सालचा प्रबंध घट्ट वाळूतल्या उलट्या डब्यांवर होता. तेव्हा समुद्री पवनचक्क्या नुकत्याच कुठे उथळ पाण्यात उभ्या राहत होत्या. बर्न पुढे ऑक्सफर्डमध्येच प्राध्यापक झाले आणि डेन्मार्कच्या ऑर्स्टेड या पवनऊर्जा कंपनीने रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगबरोबर त्यांच्या संशोधन-पदाला आर्थिक आधार दिला. जहाजवाल्या यारोंच्या पैशावर टेलर उभे राहिले होते. कित्येक दशकांनंतर पवनचक्कीवाल्यांचा पैसा त्याच वाटेने विद्यापीठात आला.

2009 मध्ये नॉर्वेच्या कार्मोय बेटासमोर स्टॅटऑइल कंपनीने 2.3 मेगावॉटची पहिली मोठी तरंगती पवनचक्की उभी केली. दोन वर्षांनी पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ‘विंडफ्लोट’ आली, 2013 मध्ये जपानने फुकुशिमासमोर एक उतरवली, मग हायविंड स्कॉटलंड. इथे नांगराचा प्रश्नच बदलला. तेलाचा फलाट एकटा असतो आणि त्याची कमाई एवढी की नांगर गरजेपेक्षा दुप्पट दणकट केला तरी खर्च जाणवत नाही. पवनविद्युत केंद्रात पन्नास-शंभर यंत्रे, प्रत्येकाला तीन नांगर, आणि वीज विकायची ती कोळशाच्या विजेशी स्पर्धा करून. प्रत्येक नांगरातले जादा पोलाद थेट विजेच्या दरात दिसते. जुने उत्तर इथे चालत नाही. नांगर किती लहान करता येईल, हे नव्याने मोजावे लागते.

एक मार्ग वाटून घेण्याचा. नॉर्वेच्या ‘हायविंड टँपेन’ केंद्रात, 260 ते 300 मीटर खोल पाण्यात, अकरा पवनचक्क्या आहेत. तीनच्या हिशेबाने तेहतीस नांगर लागले असते. तिथे एकोणीसच आहेत, कारण एकाच नांगराला शेजारच्या यंत्रांच्या साखळ्याही जोडल्या आहेत. बचत उघड आहे, धोकाही उघड आहे. एरवी नांगराला एका दिशेने ओढ बसते. वाटून घेतलेल्या नांगराला तिन्ही बाजूंनी बसते आणि वारा फिरला की तिची दिशाही फिरते. एका बाजूची साखळी तुटली तर उरलेल्या दोघींचे काय होईल, आणि नांगर उपटला तर एकाऐवजी तीन यंत्रे सुटतील का? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीवर या प्रश्नाचा डॉक्टरेटच्या पातळीवर सखोल अभ्यास ज्या विद्यापीठांत झाला, त्यात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ, ॲमहर्स्ट, हे ठळक नाव आहे. हेरोनेमस यांचेच हे विद्यापीठ. 2011 च्या सुमारास याच प्रतिष्ठानने समुद्री पवनऊर्जेवरच्या डॉक्टरेट विद्यार्थ्यांसाठी तिथे एक मोठा कार्यक्रम मंजूर केला होता. अभियांत्रिकी, पर्यावरण आणि धोरण या तिन्ही शाखांचे विद्यार्थी त्यात एकत्र होते. तुटलेला धागा चाळीस वर्षांनी पुन्हा जोडला गेला.

ब्रिटनने यासाठी डॉक्टरेटची पद्धतच बदलली. एकटा विद्यार्थी आणि एकटा मार्गदर्शक ही जुनी जोडी होती. त्याऐवजी एका विषयाभोवती पन्नास-साठ विद्यार्थ्यांची केंद्रे उभी राहिली. एडिंबरा, स्ट्रॅथक्लाइड आणि एक्सेटर विद्यापीठांचे समुद्री ऊर्जेचे औद्योगिक डॉक्टरेट केंद्र अशांपैकी एक. तिथला विद्यार्थी बराच काळ कंपनीत काम करतो आणि प्रबंधाचा प्रश्न तिथेच पकडतो. हल विद्यापीठाच्या पुढाकाराने 2019 मध्ये डरहॅम, न्यूकॅसल आणि शेफील्ड यांनी मिळून समुद्री पवनऊर्जेचे केंद्र सुरू केले. 2024 च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने विविध विषयांच्या पासष्ट डॉक्टरेट केंद्रांसाठी सुमारे एक अब्ज पौंडांची घोषणा केली. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतून तरंगत्या पवनऊर्जेवर दोन जाळी विणली गेली: फ्रान्सच्या नांत शहरातून चालणाऱ्या ‘फ्लोअवर’मध्ये तेरा जागा, नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधून चालणाऱ्या ‘स्टेप फॉर विंड’मध्ये दहा. या योजनेत राष्ट्रीयत्वाची अट नाही. उलट ज्या देशात काम करायचे तिथे उमेदवार आधीपासून राहत नसावा, असा नियम आहे. पुण्याच्या किंवा सांगलीच्या अभियंत्यालाही ती दारे उघडी असतात.

या पैशाचा आकडा अवाढव्य नसतो. ब्रिटनमध्ये 2025-26 साठी संशोधक विद्यार्थ्याची किमान विद्यावृत्ती वर्षाला 20,780 पौंड होती. त्यात भाडे, जेवण आणि प्रवास भागवून तो चार वर्षे चिखलाचे नमुने चाळतो. त्याच्या कामाची फळे बहुधा दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी आराखड्यात दिसतात. टेलरना जवळजवळ तीस वर्षांचे पद मिळाले तरी ते मिळणे हा अपवाद होता. सरकारी विद्यावृत्तीने ती संधी हजारोंना दिली.

भारताने 2015 मध्ये समुद्री पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली: त्यातले 6,853 कोटी गुजरात आणि तमिळनाडूसमोरच्या प्रत्येकी 500 मेगावॉटच्या केंद्रांसाठी आणि 600 कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. ही पहिली यंत्रे उथळ पाण्यात, खांब रोवून उभी राहायची आहेत. पुढे खोल पाण्याकडे वळायचे तर नांगर लागतील, आणि पश्चिम किनाऱ्यावर ते चुनखडीच्या त्याच ठिसूळ वाळूत रुतवावे लागतील, जिच्यावर दिल्लीत 1979 पूर्वीच काम सुरू झाले होते. दगडी नांगर तळातून वर काढणारी गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आहे, मद्रास आणि मुंबईच्या आयआयटी आहेत. पायाभूत ज्ञान इथे आहे.

हिशेब साधा आहे. 2023 पासून केंद्राची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती महिन्याला 37,000 रुपये आहे, ज्येष्ठ पाठ्यवृत्ती 42,000. दोन वर्षे पहिली आणि तीन वर्षे दुसरी धरली, तर घरभाडे भत्ता सोडून एका पीएच.डी.ला पाच वर्षांत 24 लाख रुपये लागतात. समुद्रतळाची माती, नांगर आणि दोर यांवर शंभर तरुण संशोधक बसवायचे म्हटले तरी त्यांच्या पाठ्यवृत्तीचा खर्च 24 कोटींच्या आसपास. मंजूर झालेल्या योजनेच्या तुलनेत हा आकडा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यांनी आज काम सुरू केले तर पहिले प्रबंध पाचेक वर्षांत हातात येतील, आणि अरबी समुद्रात पहिला तरंगता मनोरा उतरवण्याआधी इथल्या वाळूचे आकडे इथल्याच प्रयोगशाळांत मोजलेले असतील.